फ्लोरिडातून मागवलेला जंगली कार्पेट शॅमेलिऑन: दुकानाला दीड स्टार, बाकीचे स्टार दुसऱ्यांचे

आधीच सांगून टाकतो, दुकानाला दीड स्टार. त्यातला एक जनावर जिवंत पोचलं म्हणून आणि अर्धा पॅकिंगसाठी. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण आमची ईमेलाईमेली अजून चालू आहे. शिवाय नंतर चार लोकांशी बोलून असं लक्षात आलं की जंगलातून पकडून आणलेली जनावरं विकणारी बरीचशी दुकानं साधारण अशीच चालतात, तेव्हा एकट्याला कशाला बदनाम करायचं. पण हा धंदा कसा असतो आणि घरी आलेलं जनावर जगवायला काय काय लागतं ते सविस्तर लिहितोय, कारण मी मागवायच्या आधी मराठीत शोधलं होतं आणि मला काहीच सापडलं नव्हतं.

मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो, रॅलीजवळ मॉरिसव्हिलला. मूळचा कुडाळचा. आमच्याकडे शॅमेलिऑनला, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याला, घोयरा म्हणतात. लहानपणी वईवर, म्हणजे कुंपणावर, दिसायचा, एक पाय पुढे टाकायचा की नाही याचा दहा वेळा विचार करत, मागेपुढे झुलत चालणारा, आणि आजी लांबूनच ओरडायची की जवळ जाऊ नको रे, विषारी असतो तो. विषारी वगैरे काही नसतो बिचारा, पण त्या भीतीपायी किती घोयरे दगड खाऊन मेले असतील देव जाणे. गंमत म्हणजे माझा हा कार्पेट शॅमेलिऑन जिथला, त्या मादागास्करातही बऱ्याच लोकांना शॅमेलिऑन अपशकुनी वाटतो असं पुढे कळलं, म्हणजे आजी तिकडेही असतेच. आणि हो, हे वाचून कुणी गावी जाऊन झाडावर चढू नका. घोयऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, भारतात तो पकडणं, पाळणं, विकणं सगळा गुन्हा आहे.

तर मार्चमध्ये एका रात्री फोन बघत पडलो असताना या दुकानाची जाहिरात समोर आली. कार्पेट शॅमेलिऑन, डब्ल्यूसी, अॅडल्ट फीमेल, ईटिंग ग्रेट, ८९ डॉलर. आपल्याकडे डब्ल्यूसी म्हणजे संडास, आणि इथे तो वाइल्ड कॉटचा शॉर्टफॉर्म, म्हणजे जंगलातून पकडलेला, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं काहीतरी ग्रेड असेल. फोटो इतका सुंदर होता की मी पुढचं वाचलंच नाही. हिरवा, केशरी, मरून, मध्येच डोळे रंगवल्यासारखी गोल गोल नक्षी, कार्पेट नाव उगीच पडलेलं नाही. ओव्हरनाइट कुरियरचे ५५ वेगळे. बायकोला सांगितलं सरडा आहे, लहान आहे, एका पिंजऱ्यात राहतो, काही त्रास नाही. हे वाक्य ती आता घरात कुठल्याही भांडणात वापरते.

पार्सल आलं तो एप्रिलचा पहिला आठवडा. इथे त्या दिवसांत पाइनचे परागकण इतके उडतात की गाड्या, डेक, खुर्च्या सगळं हळद लावल्यासारखं पिवळं होतं. त्या पिवळ्या डेकवर बसून मी आणि चिरंजीवांनी बॉक्स उघडला. पॅकिंग खरंच चांगलं होतं, आत थर्माकोल, हीट पॅक, आणि मध्ये एक कापडी पिशवी दोऱ्याने बांधलेली. पिशवी सोडली तर आत एक मळकट तपकिरी वितभर लांब काडी. बरगड्या मोजता येतील अशा, पाठीवर एक जुना ओरखडा, आणि डोळे. शॅमेलिऑनचे डोळे बाहेर आलेले बुरुजासारखे असतात ना, तिचे आत गेले होते, कुणी बोटाने दाबल्यासारखे. तिने एका पायाने माझा अंगठा धरला, त्या चिमट्यासारख्या पायाने, आणि पकडीत काही जोरच नव्हता. मुलगा म्हणाला, बाबा ही कार्पेट नाही, ही गोधडी आहे. झालं, नाव गोधडी पडलं.

दुकानाला फोन केला. पलीकडचा माणूस अगदी शांत, म्हणाला सगळे असेच दिसतात सुरुवातीला, पाणी मारा, ठीक होईल. मी विचारलं तुमच्याकडे ही किती दिवस होती, काय खात होती. त्याने क्रिकेट्स म्हणजे किडे असं सांगितलं आणि दिवसांचं उत्तर टाळलं. मग मी लाइव्ह अरायव्हल गॅरंटीबद्दल विचारलं तर कळलं की ती फक्त बॉक्स उघडताना जनावर जिवंत असण्यापुरतीच आहे. संध्याकाळी मेलं तर तुमचं नशीब. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, यांच्या गॅरंटीची माझ्या दारापर्यंत. फोनवर शेवटी त्याने मला अजून एक नर घ्या म्हणून सुचवलं, जोडीत डिस्काउंट आहे म्हणे. अर्धा स्टार कापला तो इथे.

खरी गोष्ट इथून पुढची आहे. त्या संध्याकाळी मी घाबरून ज्याला त्याला फोन करत सुटलो आणि ऑफिसातल्या एका मित्राने शार्लटमधल्या एका काकांचा नंबर दिला. सांगलीकडचे, गेली बारा वर्षं शॅमेलिऑन पाळतायत. फोन उचलल्या उचलल्या त्यांनी नाव गाव काही न विचारता विचारलं, डोळे दिवसा उघडे आहेत का मिटलेत? म्हटलं उघडे आहेत पण खोल गेलेत. दुसरा प्रश्न, शी केली का, आणि त्यातला पांढरा भाग पांढरा आहे का पिवळा? मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं की सरड्यांचं मूत्र घट्ट खडूसारखं बाहेर पडतं, पांढरं असेल तर अंगात पाणी आहे, पिवळं केशरी झालं तर पाणी संपलंय. पिशवीत बघितलं तर चक्क केशरी. काका म्हणाले, हां, म्हणजे तहानेनं मरायला टेकलीय, भूक नंतर बघू.

तहान का, तर हे प्राणी वाटीतलं पाणी पीत नाहीत. त्यांना ते पाणी आहे हेच कळत नाही. पानांवरचे हलणारे चमकणारे थेंब तेवढे कळतात. आता विचार करा, तिकडे मादागास्करच्या पठारावर कुणीतरी झुडपातून तिला उचललं असणार, मग तो मधला दलाल, मग तिथल्या राजधानीतला, अंतानानारिव्होतला एक्स्पोर्टर, मग विमान, मग फ्लोरिडातलं गोडाऊन, मग माझा बॉक्स. या सगळ्या साखळीत तिला पान मिळालं कुठे. वाटीत पाणी ठेवलं असेल कुणीतरी, आणि ती वाटीशेजारी बसून वाळत गेली असेल.

काकांनी त्या रात्री एवढंच करायला लावलं. बाथरूममध्ये घरातलं मनी प्लांटचं कुंडं ठेवायचं, त्यावर तिला बसवायचं, शॉवरचं तोंड समोरच्या भिंतीकडे वळवायचं म्हणजे पाणी भिंतीवर आपटून तिच्यावर फक्त तुषार येतील, आणि दार लावून बाहेर पडायचं. मी दार लावलं पण फटीतून बघत बसलो. दहा मिनिटं काहीच नाही. नुसती बसून. मग एक डोळा फिरला, दुसरा नाही, फक्त एक, आणि समोरच्या पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबावर थांबला. मान हळूच पुढे आली, थेंब ओठाला लागला, आणि गळ्याखालची कातडी हलायला लागली. खाली वर, खाली वर. पुढची वीस मिनिटं ती नुसती पीत होती. माझी बायको मागे येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही, ती हळूच म्हणाली, अरे आपण दोन दिवस हिला पाणीच नाही दिलं तर काय झालं असतं. मी काही बोललो नाही.

पुढच्या शनिवारी काका अडीच तास गाडी चालवून आले, पैसे घेईनात, पेट्रोलचेही नाही. डिकीत एक जास्वंदीचं कुंडं, एक शेफ्लेराचं झाड, ठिबकणारी बाटली आणि माश्यांच्या कोषांचा डबा. माझा सेटअप बघून त्यांनी कपाळावर हात मारला. मी दुकानाच्या सल्ल्याने काचेची टाकी घेतली होती आणि ती हॉलमध्ये टीव्हीशेजारी टेबलावर ठेवली होती. काकांनी ती टाकी तशीच गॅरेजमध्ये नेली. त्या जागी जाळीचा पिंजरा, दीड फूट बाय दीड फूट आणि तीन फूट उंच, आणि तो ठेवायचा उंच स्टुलावर, म्हणजे जनावर आपल्या डोळ्यांच्या वर बसलं पाहिजे. का, तर झाडावर राहणाऱ्या प्राण्याला वरून येणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे घार वाटते. तीन बाजूंना बायकोच्या जुन्या ओढण्या लावल्या. आत झाडं इतकी कोंबली की गोधडी शोधायला मलाच पाच मिनिटं लागायची, आणि काका म्हणाले, बरोबर, तुला दिसली नाय पायजे, तिला वाटलं पायजे की आपण कुणाला दिसत नाय. दोन आठवडे पिंजऱ्यात पाणी आणि खाणं सोडून हात घालायचा नाही, कुणाला दाखवायला आणायचं नाही, फ्लॅशने फोटो नाहीत. मी पाचव्याच दिवशी फांदी सरळ करायला हात घातला आणि फोनवर काकांना ते सांगून बसलो. काका म्हणाले, परत हात घातलास तर गाडी काढून येतो तिकडं.

आता सामानाचं सांगतो. पाणी मारायचं मशीन मी आधी स्वस्तातलं घेतलं होतं, चाळीस डॉलरचं. चौथ्या दिवशी त्याचा नोझल तुंबला, पाइप सुटला आणि रात्री दोन वाजता लाकडी फ्लोअरिंगवर तळं. मग काकांच्या आणि टेनेसीतल्या एका बाईंच्या (त्यांच्याविषयी पुढे येतंच) सांगण्यावरून मिस्टकिंग कंपनीचं मशीन घेतलं. महाग आहे, पण याला सेकंदाच्या हिशोबाने टायमर लावता येतो, पंप कोरडा चालला तरी जळत नाही, आणि तुषार इतके बारीक की पानं ओली होतात पण खाली चिखल होत नाही. पाणी मात्र डिस्टिल्ड किंवा आरओचंच घाला, नळाचं घातलंत तर कुठलाही नोझल क्षारांनी बंद होणार, घरातल्या गीझरला जे होतं तेच. मी पहाटे उजेड व्हायच्या आधी एक मोठा स्प्रे आणि रात्री दिवा गेल्यावर एक असे लावलेत. दुपारी पिंजरा कोरडा पडू देतो. सुरुवातीला मी दिवसभर ओलं ओलं ठेवायचो, रेनफॉरेस्ट रेनफॉरेस्ट म्हणून, आणि तिथेच चूक होती. कार्पेट ही मादागास्करच्या मधल्या उंच पठारावरची जात, शहरातल्या बागा आणि कुंपणांमध्येही राहणारी, रात्री गार आणि दमट, दिवसा ऊन आणि वारा. सतत ओलावा आणि कोंदट हवा म्हणजे छातीत इन्फेक्शनला आमंत्रण. तापमानही तसंच, दिवसा खोली ७२ ते ७६ फॅरनहाइट, बसायच्या एका फांदीवर ८४ च्या आसपास, आणि रात्री चक्क साठीत उतरू द्यायचं. आमच्याकडे ती खोली रात्री एवढी गार असते की पाहुणे आले तर तिथे झोपत नाहीत.

दिव्यात कंजुषी करू नका. यूव्हीबीची, म्हणजे अतिनील किरणांची, लांब ट्यूब लागते, टी५ एचओ म्हणतात ती, छोटा गोल बल्ब नाही. मी आर्केडियाची ६ टक्केवाली घेतली, झू मेडची ५.० पण चालते म्हणतात. हा प्रकाश मिळाला नाही तर अंगात डी३ तयार होत नाही, डी३ नाही तर कॅल्शियम लागत नाही, आणि मग हाडं रबरासारखी वाकतात. ट्यूब दिसायला पेटत राहते पण यूव्ही कमी होत जातं, म्हणून साधारण वर्षाने बदलायची. माझ्या दुकानाने मला काय दिलं होतं माहितीय? लाल रंगाचा नाइट बल्ब. रात्री उजेड आणि उष्णता, दोन्ही तिला नको असलेल्या गोष्टी, १८ डॉलरला.

खाण्याचा किस्सा वेगळाच. दुकानाने ईटिंग ग्रेट लिहिलं होतं पण गोधडी पहिले सहा दिवस क्रिकेटकडे ढुंकून बघेना. टेनेसीतल्या त्या बाई, सत्तरीच्या आहेत, शेतावर राहतात, आणि वीस वर्षं फक्त आयात होऊन आलेली मरणपंथाची जनावरं घेऊन त्यांना वर काढतात. काकांनी त्यांच्याशी गाठ घालून दिली. त्या म्हणाल्या, तिने आयुष्यात क्रिकेटचं दुकान बघितलंय का, तिला उडणारं दे. काकांनी आणलेल्या डब्यातले माश्यांचे कोष एका कपात ठेवले, दोन दिवसांनी निळ्या चमकणाऱ्या माश्या बाहेर पडल्या. पहिली माशी जाळीवर बसली आणि गोधडीने दोन्ही डोळे पुढे वळवले. तोपर्यंत दोन्ही डोळे एकाच दिशेला मी कधी पाहिले नव्हते. मग जीभ. आवाज येतो त्याचा, ओल्या पापडासारखा, पट्. सहा दिवसांनी पहिला घास, आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूट विसरून येस म्हणून ओरडलो. आता ती क्रिकेट पण खाते, रेशमाच्या अळ्या खाते, मध्येच हॉर्नवर्म नावाची पाणीदार अळी. किड्यांना आधी कोथिंबीर, गाजर, भोपळा खाऊ घालायचा, मग कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून द्यायचं. बायको म्हणते आमच्या घरात सगळ्यात ऑर्गॅनिक कोण खातं तर किडे.

डॉक्टरांचं. आमच्या जवळच्या क्लिनिकमध्ये फोन केला तर त्यांनी सरळ सांगितलं की आम्ही शॅमेलिऑन बघत नाही. राग आला होता, पण आता वाटतं बरं झालं. ज्याला येत नाही त्याने नाही म्हणावं. मग चाळीस मिनिटांवरच्या एक्झॉटिकवाल्या, म्हणजे असले वेगळे प्राणी बघणाऱ्या, डॉक्टरीणबाई मिळाल्या, त्यांना माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा वेटिंगसाठी कापला. ताजी शी ओल्या टिश्यूत गुंडाळून झिपच्या पिशवीत न्यायची. त्यांनी मायक्रोस्कोप माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या बघा. जंतांची अंडी, कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी), सगळी जत्रा. जंगलातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकात असतात, जंगलात जनावरं त्यांच्यासोबत निभावून नेतात पण टेन्शन आणि तहान आली की जंत वरचढ होतात. मग त्यांनी कातडीखाली हात फिरवून बघितला, कारण मादागास्करातल्या शॅमेलिऑनमध्ये कातडीखाली दोऱ्यासारखे लांब जंत असू शकतात, वळवळताना वरून दिसतात, ते छोटी चीर देऊन ओढून काढावे लागतात. आमच्याकडे सुदैवाने नव्हते. मला वाटलं लगेच औषध देतील, मी तर मागत होतो. त्या म्हणाल्या आधी पाणी. सुकलेल्या जनावराला औषध दिलं तर किडनीवर येतं. आणि मग पोटावर बोट ठेवून थांबल्या. म्हणाल्या, तुम्हाला माहितीय ना ही गाभण आहे?

मला काय माहीत. काकांना फोन केला तर ते हसायला लागले, म्हणाले जंगलातली मोठी मादी आणि पोटात अंडी नाहीत असं सहसा होतच नाही. शिवाय माद्या नराचं बीज अंगात साठवून ठेवू शकतात, म्हणजे नर नसताना पुन्हा अंडी घालतील. जंताचं औषध डॉक्टरीणबाईंनी अंड्यांनंतरवर ढकललं आणि आम्ही अंड्यांच्या तयारीला लागलो.

शॅमेलिऑन अंडी जमिनीत घालतो हे मला टीव्हीवर बघून माहीत होतं, पण जमीन मिळाली नाही किंवा आवडली नाही तर ती अंडी पोटातच धरून ठेवते आणि त्यात मरते, हे माहीत नव्हतं. म्हणून आधीच एक डबा द्यायचा. धुतलेली वाळू आणि माती अर्धी अर्धी, इतकी ओली की बोगदा खणला तर ढासळू नये, आणि आठेक इंच खोल. किनाऱ्यावर किल्ला करायला जी वाळू लागते अगदी तीच, कोकणातल्या माणसाला हे शिकवायला लागत नाही. रोज सकाळी तिला न हलवता मी किचनच्या ग्रॅमच्या काट्याने वजन घ्यायला शिकलो, म्हणजे काट्यावर एक आडवी काठी ठेवायची आणि ती स्वतःहून चढली की आकडा बघायचा. आली तेव्हा १४ ग्रॅम, मेच्या मध्यात २३. आणि रंग! मळकट काडी गेली आणि काळसर अंगावर लाल पिवळे हिरवे ठिपके आले, जाहिरातीतल्या फोटोपेक्षा भडक. टेनेसीच्या बाई म्हणाल्या हा आनंदाचा रंग नाही हं, हा नरांना सांगायचा रंग आहे की जवळ येऊ नका, माझं पोट भरलंय.

मग एका गुरुवारी तिने खाणं बंद केलं आणि पिंजऱ्याच्या तळाशी उतरून येरझाऱ्या घालायला लागली. काकांचा आदेश, आता खोलीत कुणीही जायचं नाही, तिने तुला पाहिलं तर खणणं सोडून देईल आणि पुन्हा सुरू करेलच असं नाही. आम्ही मुलाचा जुना बेबी मॉनिटर तिथे लावला आणि घरातले तिघं स्वयंपाकघरात स्क्रीनसमोर. पहिला खड्डा तिने अर्धा खणून सोडला. दुसराही. बायकोने मला धीर दिला की घर बघताना आपण पण सतरा घरं नाकारली होती. तिसरा खड्डा खणता खणता ती आत पूर्ण दिसेनाशी झाली, नुसती माती बाहेर उडताना दिसत होती. मग उलटी फिरली, तोंड वर, आणि तासन्‌तास तशीच. रात्र झाली, दिवे गेले, आम्ही तसेच झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर खड्डा गायब. तिने माती परत ओढून, वर पायांनी थापटून इतकं सारखं केलं होतं की मला जागा सापडेना. काट्यावर १५ ग्रॅम, डोळे पुन्हा थोडे आत, आणि पाणी सुरू केल्यावर अर्धा तास नुसती पीत राहिली. त्या दिवशी तिने अकरा माश्या खाल्ल्या.

चमच्याने वाळू उकरून बारा अंडी काढली, पांढरी, वाटाण्याएवढी. अंडी काढताना फिरवायची नाहीत, ज्या बाजूने वर आहे तीच बाजू वर ठेवायची, मी वरून पेन्सिलने बारीक ठिपका केला. ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं दाणेदार खनिज) ठेवून डबा बंद. आणि पिल्लं काही पक्ष्यांसारखी तीन आठवड्यांत येत नाहीत. तिकडे मादागास्करात अंडी गार कोरडा हिवाळा जमिनीत काढतात, त्याशिवाय आतलं पिल्लू वाढायलाच लागत नाही, म्हणून आपणही आधी उबदार, मग दीड दोन महिने गार, मग पुन्हा उबदार असं करायचं. एकूण सहा महिन्यांच्या वर धरून चाला. मग औषधाचा कोर्स झाला, तीन आठवड्यांनी शी पुन्हा तपासली, जंत नाहीत, कॉक्सिडिया थोडे, तेवढं चालतं म्हणाल्या.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी. ८९ डॉलरच्या जनावरामागे आजपर्यंत साधारण ११०० गेलेत, पिंजरा, दिवा, मशीन, डॉक्टरांच्या तीन फेऱ्या आणि माश्या. आणि तिचं वय कुणालाच माहीत नाही. या जातीचं आयुष्य मुळातच थोडं, दोन तीन वर्षं फार झाली, आणि ही आली तेव्हाच मोठी होती. एक सांगतो, तिची आयात कायदेशीर आहे. १९९० च्या दशकात साइट्सने (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) मादागास्करच्या शॅमेलिऑनची निर्यात थांबवली तेव्हा ज्या चार जाती वगळल्या त्यात कार्पेट होती. पण कायदेशीर असणं आणि नीट असणं यात फरक आहे, तो त्या पिशवीत दिसला. काकांना आणि त्या बाईंना दोघांना विचारलं की पुन्हा जंगली घेऊ का, दोघांनी एकच उत्तर दिलं, पहिल्यांदा पाळणाऱ्याने इथेच अंड्यातून निघालेलं घ्यावं, पँथर घे, व्हेल्ड घे (शॅमेलिऑनच्याच जाती), जंत नाहीत, वय माहीत, किडे खायची सवय. माझंही मत तेच. गोधडी जगली यात दुकानाचा काही वाटा नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही फार नाही, शार्लटहून अडीच तास गाडी चालवत आलेल्या माणसाचा आहे. त्यांना पाच स्टार द्यायची सोय कुठेच नाही, म्हणून दिवाळीला बायकोने चकल्या पाठवायचं ठरवलंय, त्यांची एकच अट, भाजणीच्याच हव्यात.

दुकानाचं शेवटचं उत्तर मागच्या आठवड्यात आलं. लाल बल्बचे पैसे परत देत नाहीत, पण पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट देतायत.

अंड्यांचा डबा सध्या बेसमेंटच्या कपाटात आहे, वर तारीख लिहून, लोणच्याच्या बरण्यांशेजारी, कारण घरात तेवढीच जागा सारख्या तापमानाची आहे. आईला परवा व्हिडिओ कॉलवर दाखवला. तिने नीट बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं आणि विचारलं, घोयऱ्याची अंडी? घरात? मग थोडं थांबून म्हणाली, त्या लोणच्याला झाकण घट्ट आहे ना.